टेनेसीचा नवा प्रशिक्षक: २०१७ मधील एका निवडीचे प्रकरण

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल शहरात राज्य विद्यापीठाचा फुटबॉल संघ आहे. त्याचे नाव ‘व्हॉलंटियर्स’, चाहत्यांच्या तोंडी ‘व्हॉल्स’. हा फुटबॉल आपण पायाने खेळतो तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड कवच चढवून खेळला जाणारा तो अमेरिकन फुटबॉल. नोव्हेंबर २०१७ मध्ये या संघाचा मुख्य प्रशिक्षक काढून टाकण्यात आला आणि ‘पुढचा कोण?’ या प्रश्नावर चाहत्यांमध्ये सुरू झालेला वाद इतका चढला की, एका रविवारी दुपारी ठरलेली नियुक्ती संध्याकाळपर्यंत मोडली, पाच दिवसांत क्रीडा संचालकांना बाजूला व्हावे लागले आणि त्यानंतर झालेल्या निवडीचे परिणाम विद्यापीठाला २०२३ पर्यंत निस्तरावे लागले.

या प्रकरणाची मांडणी मी दोन कारणांसाठी करीत आहे. चाहत्यांच्या रेट्याने एखादी नियुक्ती थांबू शकते, हे येथे स्वच्छ दिसते. आणि नियुक्ती थांबवण्याची ताकद असणे म्हणजे योग्य माणूस निवडण्याची रीत हाताशी असणे नव्हे, हेही येथेच दिसते. सामान्य चाहत्यांची नावे येथे दिलेली नाहीत. ज्यांचे निर्णय त्यांच्या पदामुळे सार्वजनिक नोंदीत आहेत, तेवढ्यांचीच नावे घेतली आहेत.

पार्श्वभूमी

महाविद्यालयीन संघाच्या प्रशिक्षकावरून एवढा गदारोळ कसा होतो, हे मराठी वाचकाला सहज उमगणार नाही. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेतील संघाचा प्रशिक्षक कोण, हे त्या संघातील खेळाडूंच्या घरच्यांनाच ठाऊक असते. नॉक्सव्हिलमध्ये टेनेसी नदीच्या काठी उभ्या असलेल्या नेलंड स्टेडियमची क्षमता एक लाखाहून अधिक आहे. सामन्याच्या शनिवारी नदीत नावांची रांग लागते, सगळे शहर नारिंगी कपड्यांत रस्त्यावर येते आणि हे आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेले असते. दक्षिणेकडील अनेक राज्यांत सरकारी पगारावर असलेल्यांमध्ये सर्वांत जास्त वेतन राज्यपालांना किंवा कुलगुरूंना नव्हे, तर विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला मिळते.

त्या प्रशिक्षकाचे काम केवळ मैदानावरचे नसते. शाळेतून बाहेर पडणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन, आईवडिलांसमोर बसून ‘आमच्याकडे या’ असे त्याला पटवावे लागते. चांगले खेळाडू येतात ते बहुतांशी त्या माणसावर विश्वास टाकून. त्यामुळे प्रशिक्षक बदलला की केवळ पुढचा हंगाम नव्हे, तर पुढची तीन-चार वर्षे डळमळतात. चाहत्यांना हे पक्के ठाऊक असते आणि त्यांची चर्चा जिवाच्या आकांताने चालते ती यासाठीच.

टेनेसीच्या चाहत्यांचे दुखणे जुने होते. फिलिप फुल्मर यांनी १९९२ ते २००८ या काळात संघ सांभाळला आणि १९९८ च्या हंगामात राष्ट्रीय अजिंक्यपद आणले. २००८ च्या अखेरीस त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेले लेन किफिन २००९ चा एकच हंगाम काढून कॅलिफोर्नियाला निघून गेले. नंतरच्या डेरेक डूली यांना तीन हंगामांत १५ विजय आणि २१ पराभव पाहावे लागले. २०१३ मध्ये बुच जोन्स आले. त्यांनी संघ थोडा वर काढला, २०१५ आणि २०१६ मध्ये प्रत्येकी नऊ सामने जिंकले. परंतु साउथईस्टर्न कॉन्फरन्स या त्यांच्या बलाढ्य गटात पूर्व विभागाचे विजेतेपद मात्र एकदाही हाती लागले नाही.

आणखी एक गोष्ट या पार्श्वभूमीत मोडते आणि माझ्या मते पुढच्या सर्व घटनांचा उलगडा तिच्याशिवाय होत नाही. विद्यार्थी खेळाडूंवरील लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी विद्यापीठाने नीट हाताळल्या नाहीत, असा दावा आठ महिलांनी न्यायालयात केला होता. जुलै २०१६ मध्ये विद्यापीठाने २४ लाख ८० हजार डॉलर देऊन तो दावा मिटवला. म्हणजे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये या आवारात हा विषय शिळा झालेला नव्हता. तो सोळा महिन्यांपूर्वीचा होता.

अडचण कशी उभी राहिली

२०१७ च्या सप्टेंबरअखेर जॉर्जियाने नेलंड स्टेडियममध्येच टेनेसीचा ४१-० असा धुव्वा उडवला. ११ नोव्हेंबरला मिझुरीत ५०-१७ असा पराभव झाला आणि दुसऱ्या दिवशी जोन्स यांना पदमुक्त करण्यात आले. ब्रेडी होक यांनी उरलेल्या दोन सामन्यांपुरती हंगामी जबाबदारी घेतली. २५ नोव्हेंबरला राज्यातल्याच व्हँडरबिल्टकडून घरच्या मैदानावर ४२-२४ अशी हार पत्करून हंगाम संपला. ४ विजय आणि ८ पराभव झाले, गटातील आठही सामने हरले. एका हंगामात आठ पराभव हे या संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होते.

निवडीची सूत्रे जॉन करी यांच्याकडे होती. ते त्याच वर्षी कॅन्सस स्टेट विद्यापीठातून क्रीडा संचालक म्हणून आले होते. त्यांना पदभार घेऊन आठ महिनेही झाले नव्हते. त्यांच्या वरिष्ठ, म्हणजे नॉक्सव्हिल आवाराच्या चॅन्सेलर, बेव्हर्ली डेव्हनपोर्ट याही त्याच वर्षी आलेल्या होत्या. चॅन्सेलर हे पद आपल्याकडच्या कुलगुरूंच्या जवळपासचे. म्हणजे निर्णय घेणारी दोन्ही माणसे नवी होती आणि ज्यांच्यासाठी निर्णय घ्यायचा ते लोक मात्र नऊ वर्षांचा राग मनात साठवून बसलेले होते.

त्यात वेळही कमी होता. नवोदित खेळाडूंनी करारावर सह्या करण्याची मुदत पूर्वी फेब्रुवारीत असे. त्या वर्षापासून प्रथमच २० डिसेंबरपासून तीन दिवसांची लवकरची मुदत ठेवण्यात आली होती. प्रशिक्षक नेमायला महिनाभर लागला असता, तर आधी शब्द दिलेली मुले दुसरीकडे गेली असती.

चाहते कशावर भांडत होते

या दोन आठवड्यांतील वादात मला तीन वेगळ्या धारा दिसतात. त्या एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की, विद्यापीठाला त्या सुट्या करता आल्या नाहीत.

पहिली धारा जॉन ग्रुडेन यांची. ग्रुडेन यांनी १९८० च्या दशकात टेनेसीत साहाय्यक म्हणून उमेदवारी केली होती, त्यांच्या पत्नी याच विद्यापीठात शिकलेल्या, व्यावसायिक फुटबॉलमध्ये टँपा बे संघाला त्यांनी सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकून दिलेला आणि त्या वेळी ते दूरचित्रवाणीवर समालोचन करीत होते. ‘या वेळी ग्रुडेन नक्की येणार’ ही बातमी टेनेसीत प्रत्येक बदलाच्या वेळी उठत असे. या अफवांना चाहत्यांनी एक वेगळे जोडनावही ठेवले होते. २०१७ मध्ये ती पुन्हा उठली आणि ती खोडून काढणारा एकही ठाम शब्द विद्यापीठाकडून आला नाही.

दुसरी धारा निकषांची होती आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. आपल्याला दुसरीकडे यशस्वी झालेला मुख्य प्रशिक्षक हवा की एखाद्या मोठ्या संघातील कर्तबगार साहाय्यक? या गटात खेळलेला, येथील शाळा आणि येथील माणसे ओळखणारा हवा की बाहेरचाही चालेल? आक्रमणाचा जाणकार हवा की बचावाचा? सलून, चर्च, कारखाना, कार्यालय अशा सर्व ठिकाणी हे प्रश्न चर्चिले जात होते आणि ते अडाणी प्रश्न नव्हते. कोणत्याही निवड समितीने हेच प्रश्न स्वतःला विचारले असते.

तिसरी धारा विश्वासाची. चार प्रशिक्षक बदलले, शब्द पाळले गेले नाहीत, तेव्हा आता वर बसलेले लोक आपल्याला विचारात घेतात की नाही, हा तिचा गाभा. वरवर पाहता ती नावांवरची चर्चा वाटे. प्रत्यक्षात ती आपल्याला कोणी मोजत नाही या भावनेची चर्चा होती.

विद्यापीठापुढील पर्याय

ग्रुडेन हा पहिला पर्याय केवळ चाहत्यांच्या मनात होता. जानेवारी २०१८ मध्ये ते रेडर्स या व्यावसायिक संघाकडे दहा वर्षांच्या करारावर गेले. महाविद्यालयीन खेळात परतण्याचा त्यांचा विचार कितपत गंभीर होता, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

दुसरा पर्याय दुसऱ्या विद्यापीठात नाव काढलेल्या मुख्य प्रशिक्षकाचा. तेथे गर्दी होती, कारण त्याच सुमारास अनेक मोठ्या जागा रिकाम्या होत्या. चिप केली यांची यूसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाने २५ नोव्हेंबरला निवड जाहीर केली. डॅन मुलन मिसिसिपी स्टेट सोडून २६ नोव्हेंबरला फ्लोरिडाकडे गेले, म्हणजे टेनेसीच्या थेट प्रतिस्पर्ध्याकडे. फ्लोरिडात मधल्या काळात ज्यांचे नाव घेतले जात होते, ते स्कॉट फ्रॉस्ट २ डिसेंबरला आपल्या मूळ नेब्रास्कात परतले. म्हणजे उशीर केला तर यादी रोज आखूड होत होती.

तिसरा पर्याय एखाद्या अव्वल संघातील साहाय्यकाला प्रथमच मुख्य जबाबदारी देण्याचा. यात खर्च कमी आणि जोखीम जास्त असते. मैदानावरचे डावपेच आखणारा माणूस शंभर-सव्वाशे खेळाडू, डझनभर साहाय्यक, नियमांचे पालन आणि देणगीदार हे सगळे सांभाळू शकेलच असे नाही.

करी यांनी निवडला तो चौथा पर्याय या दोहोंच्या मधला होता. ग्रेग शियानो त्या वेळी ओहायो स्टेटमध्ये बचावफळीचे समन्वयक होते, परंतु त्याआधी २००१ ते २०११ ते रटगर्स विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते. ज्या संघाला कोणी विचारत नव्हते, त्याला त्यांनी २००६ मध्ये ११ विजयांपर्यंत नेले होते. पुढे टँपा बे या व्यावसायिक संघात दोन हंगामांत ११ विजय आणि २१ पराभव, असा त्यांचा काळ वाईट गेला. केवळ खेळाच्या दृष्टीने पाहिले तर ही निवड डोळे दिपवणारी नव्हती आणि वेडेपणाचीही नव्हती.

रविवार, २६ नोव्हेंबर

त्या रविवारी दुपारी शियानो यांच्याशी बोलणी पूर्ण होत आल्याची बातमी बाहेर आली. पुढच्या काही तासांत जे घडले त्याचे सर्वांत ठळक दृश्य विद्यापीठाच्या आवारातील एका खडकाचे आहे. हा प्रचंड दगड ‘द रॉक’ म्हणून ओळखला जातो. त्यावर विद्यार्थी वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून निषेधापर्यंत काहीही रंगवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा कोणी दुसरा रंग चढवतो. वर्षानुवर्षांच्या रंगांचे थर त्यावर साचलेले आहेत. त्या दुपारी त्यावर ठळक अक्षरांत वाक्य उमटले की, पेन स्टेटमधील बालकांवरील अत्याचार शियानो यांनी दडवले.

हा आरोप कोठून आला, हे नीट सांगितले पाहिजे. पेन स्टेट विद्यापीठातील माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांना २०१२ मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या ४५ आरोपांत दोषी ठरवण्यात आले. शियानो १९९० ते १९९५ या काळात तेथे साहाय्यक होते. पेन स्टेट आणि तिची विमा कंपनी यांच्यातील खटल्यात माइक मॅकक्वेरी या माजी साहाय्यकाने दिलेली साक्ष जुलै २०१६ मध्ये खुली झाली. शियानो यांनी असा एक प्रकार पाहिल्याचे आपल्याला टॉम ब्रॅडली या सहकाऱ्याने सांगितले होते, असे त्यात म्हटले होते. म्हणजे साक्ष ऐकीव होती, तीही दुसऱ्याच्या तोंडून. ब्रॅडली आणि शियानो या दोघांनीही ती नाकारली. २०१२ च्या चौकशी अहवालात शियानो यांचा उल्लेख नव्हता आणि त्यांच्यावर कधीही कोणताही गुन्हा दाखल झाला नाही.

खडकावर जे लिहिले गेले ते सिद्ध झालेले नव्हते. ते सिद्ध झाल्यासारखे लिहिणे हा एका जिवंत माणसावर अन्याय होता आणि ज्यांनी तो केला त्यांच्या बाजूने मी उभा राहू शकत नाही. परंतु ‘तुम्ही याची चौकशी केली का, आणि कशी केली?’ हा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांचा प्रश्न योग्यच होता. सोळा महिन्यांपूर्वी ज्या विद्यापीठाने याच स्वरूपाच्या कारणावरून २४ लाख ८० हजार डॉलर मोजले, त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर लेखी आणि तयार असायला हवे होते.

दुपारभर स्टेडियमबाहेर निदर्शक जमले. राज्याच्या विधिमंडळातील काही सदस्यांनी आणि राज्यपालपदाच्या इच्छुकांनीही जाहीर विरोध केला. संध्याकाळपर्यंत विद्यापीठाने माघार घेतली. पुढे उजेडात आलेल्या सामंजस्य करारावर शियानो आणि करी यांच्या सह्या होत्या. चॅन्सेलर आणि वित्त विभागाच्या प्रमुखांच्या सह्यांच्या जागा कोऱ्या होत्या. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. निवड कोणी केली आणि ती कोणी मान्य केली, यांतले अंतर त्या दोन कोऱ्या ओळींत दिसते.

चौकशीविषयीचे करी यांचे निवेदन दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ नोव्हेंबरला आले. शियानो यांची काळजीपूर्वक मुलाखत घेतली, पूर्वेतिहास तपासला, २०१२ च्या अहवालासाठी चारशेहून अधिक लोकांशी बोलणे झाले त्यांत ते नव्हते, असे त्यात सांगितले होते. मजकूर योग्य होता. फक्त तो एक दिवस उशिरा आला आणि ज्या माणसाची बाजू त्यात मांडली होती, त्याची नियुक्ती तोवर मोडलेली होती.

पुढचे पाच दिवस

यानंतरची पावले भराभर आणि प्रत्येक वेळी अधिक घाईने पडली. ओक्लाहोमा स्टेटचे माइक गंडी यांच्याशी बोलणे झाले. २००५ पासून आपल्याच जुन्या विद्यापीठाचा संघ सांभाळणाऱ्या गंडींनी तेथेच राहणे पसंत केले. पर्ड्यूचे जेफ ब्रोम जागचे हलले नाहीत. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे डेव्ह डोरेन यांनी आपल्याच विद्यापीठाशी नवा करार केला. प्रत्येक नकार सार्वजनिक झाला आणि प्रत्येकाने पुढच्या उमेदवाराला ‘तेथे जाऊ नका’ असेच सुचवले.

गुरुवारी, ३० नोव्हेंबरला करी लॉस एंजलिसमध्ये वॉशिंग्टन स्टेटचे माइक लीच यांना भेटले. शुक्रवारी, १ डिसेंबरला ते नॉक्सव्हिलला परतले तेव्हा त्यांना निलंबित करण्यात आले आणि त्याच दिवशी फिलिप फुल्मर यांची क्रीडा संचालकपदी नेमणूक जाहीर झाली. ज्या फुल्मर यांना २००८ मध्ये प्रशिक्षकपद सोडावे लागले होते, तेच नऊ वर्षांनी निवड करणाऱ्या खुर्चीत बसले. चाहत्यांना हे हवेहवेसे वाटले आणि त्यामागची भावना मला पूर्ण समजते. घरातील जाणते माणूस परत येऊन कारभार हाती घेते, तेव्हा भांडण आपोआप निवते. परंतु फुल्मर यांनी त्याआधी कधी क्रीडा संचालक म्हणून काम केलेले नव्हते आणि त्यांच्या कारभाराची परीक्षा त्या आठवड्यात कोणीही घेतली नाही.

७ डिसेंबरला जेरेमी प्रुइट यांचे नाव जाहीर झाले. ते अलाबामाचे बचावफळी समन्वयक होते, मुख्य प्रशिक्षक म्हणून महाविद्यालयीन पातळीवर त्यांची ही पहिलीच वेळ. म्हणजे अखेर तिसरा पर्याय निवडला गेला, तोही सहा वर्षांच्या करारावर. या निवडीला विरोध झाला नाही. लोक दमलेही होते.

निष्पत्ती

प्रुइट यांच्या पहिल्या हंगामात ५ विजय आणि ७ पराभव झाले. २०१९ ची सुरुवात जॉर्जिया स्टेटसारख्या लहान संघाकडून घरच्या मैदानावर ३८-३० अशा पराभवाने झाली. पुढे संघ सावरला आणि ८ विजयांवर थांबला. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांच्या कराराची मुदत आणि वेतन वाढवण्यात आले. त्या हंगामात ३ विजय आणि ७ पराभव झाले. खेळाडूंच्या भरतीतील नियमभंगाच्या अंतर्गत चौकशीनंतर १८ जानेवारी २०२१ रोजी प्रुइट यांना कारणासह बडतर्फ करण्यात आले. त्याच दिवशी फुल्मर यांनीही निवृत्ती जाहीर केली.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने निर्णय दिला. नियमभंगाच्या दोनशेहून अधिक घटना, ८० लाख डॉलरहून जास्त दंड, पाच वर्षांची देखरेख, २८ शिष्यवृत्त्यांची कपात आणि २०१९ व २०२० मधील विजय नोंदीतून रद्द. बेकायदा देयकांची एकूण रक्कम ६० हजार डॉलरच्या आसपास होती. भरतीसाठी आलेल्या मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हॉटेलचे, जेवणाचे पैसे, काही वेळा रोख रक्कम, असे तिचे स्वरूप होते.

करी यांच्याशी विद्यापीठाने मार्च २०१८ मध्ये २५ लाख डॉलरची तडजोड केली. डेव्हनपोर्ट यांना मे २०१८ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. शियानो डिसेंबर २०१९ मध्ये रटगर्समध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. करी २०१९ मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे क्रीडा संचालक झाले.

टेनेसीने जानेवारी २०२१ मध्ये डॅनी व्हाइट यांना क्रीडा संचालक म्हणून आणले आणि त्यांनी आठवडाभरात आपल्याच जुन्या विद्यापीठातून, सेंट्रल फ्लोरिडातून, जोश हायपल यांना आणले. हे नाव कोणाच्या स्वप्नात नव्हते. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची कामगिरी २८ विजय आणि ८ पराभव अशी होती आणि आक्रमणाची त्यांची वेगवान पद्धत कोणालाही तपासून पाहता येण्याजोगी होती. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी टेनेसीने अलाबामाला ५२-४९ असे हरवले. त्यापूर्वीच्या सलग पंधरा वर्षांत अलाबामानेच बाजी मारली होती. विजयी किक गोलखांबांतून गेली तेव्हा घड्याळात वेळ उरला नव्हता. प्रेक्षक मैदानात उतरले, त्यांनी गोलखांब उखडून खांद्यावर घेतले, रस्त्यांतून मिरवत नेले आणि नदीत सोडले.

निर्णयाचे टप्पे आणि काय वेगळे करता आले असते

पहिला टप्पा १२ नोव्हेंबरचा. जोन्स यांना काढल्यापासून शियानो यांची बातमी फुटेपर्यंत चौदा दिवस होते. या काळात विद्यापीठाने उमेदवारांची नावे गुप्त ठेवणे रास्तच होते, कारण दुसरीकडे नोकरी करणाऱ्या प्रशिक्षकाचे नाव फुटले तर त्याची अडचण होते. परंतु निकष गुप्त ठेवण्याचे कारण नव्हते. मुख्य प्रशिक्षक म्हणून किती अनुभव हवा, नियमपालनाचा इतिहास कसा तपासला जाईल, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींसंदर्भात उमेदवाराला काय विचारले जाईल, हे एका पानात जाहीर करता आले असते. तसे झाले असते तर चाहत्यांच्या दुसऱ्या धारेला बोलायला काहीतरी ठोस मिळाले असते आणि पहिली धारा, ग्रुडेनची, एवढी फोफावली नसती.

ग्रुडेन यांच्याबद्दलही पहिल्या आठवड्यातच स्पष्ट बोलायला हवे होते, असे मला वाटते. ‘ते उमेदवार नाहीत’ असे सांगितल्याने त्या दिवशी लोक रागावले असते. परंतु तो राग कोणा दुसऱ्या माणसाच्या नियुक्तीच्या दिवशी उफाळून आला नसता. २६ नोव्हेंबरच्या उद्रेकात नैतिक आक्षेप किती आणि ग्रुडेन न आल्याची निराशा किती, हे आज कोणालाही वजन करून सांगता येणार नाही. चाहत्यांपैकी प्रामाणिकपणे आक्षेप घेणाऱ्यांचेही यात नुकसान झाले, कारण ‘तुम्हाला फक्त मोठे नाव हवे होते’ असे त्यांना नंतर ऐकावे लागले.

दुसरा टप्पा सह्यांचा. करारावर दोन सह्या झाल्यानंतर उरलेल्या दोन सह्यांसाठी थांबण्याऐवजी, ज्यांची मान्यता लागणार होती त्या सर्वांना आधी एका खोलीत बसवून शियानो यांच्याविषयीचा तोच कठीण प्रश्न विचारायला हवा होता. त्यांची उत्तरे मिळाली असती आणि तरीही सगळे ठाम राहिले असते, तर २७ नोव्हेंबरचे निवेदन बातमीबरोबरच देता आले असते. ठाम राहता येणार नसेल, तर शियानो यांचे नाव खडकावर येण्याआधीच सोडता आले असते. त्या माणसासाठीही तेच अधिक सभ्य ठरले असते.

तिसरा टप्पा माघारीचा, आणि येथे माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. माघार घेतली हे चुकले, असे मी म्हणणार नाही. पहिल्याच दिवशी ज्याच्यावर निम्मे राज्य उठले, त्याला मुलांच्या घरी जाऊन पालकांचा विश्वास मिळवणे अशक्यप्राय झाले असते. चूक पुढे झाली. माघारीनंतर आठवडाभर थांबून, निवडीची पद्धत नव्याने ठरवून, मगच पुढच्या माणसाला फोन करायला हवा होता. त्याऐवजी चार दिवसांत चार जणांशी बोलणी झाली आणि प्रत्येक नकाराने विद्यापीठाची बाजू आणखी लंगडी झाली. २० डिसेंबरची मुदत जवळ होती, हे खरे; परंतु त्या मुदतीसाठी घाई करून जे मिळाले त्याची किंमत २०२३ च्या निर्णयात स्पष्ट दिसते.

चौथा टप्पा फुल्मर यांच्या नेमणुकीचा. लोकांना शांत करण्यासाठी मान्यवर व्यक्तीला पुढे आणणे यात गैर काही नाही. तथापि फुल्मर यांना निवड होईपर्यंतचे सल्लागार म्हणून आणता आले असते आणि क्रीडा संचालकपद रीतसर शोध घेऊन भरता आले असते. एकाच माणसाकडे लोकांचा विश्वास, निवडीचा अधिकार आणि पुढे त्याच निवडीवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी आली. २०२० मध्ये प्रुइट यांचा करार वाढवताना भरतीच्या खर्चाची स्वतंत्र तपासणी कोणी मागितली असती, तर हॉटेलची आणि जेवणाची बिले तेव्हाच समोर येण्याची शक्यता होती.

चाहत्यांच्या बाजूनेही एक टप्पा होता आणि तो सहसा मांडला जात नाही. शियानो यांच्याबद्दल ज्या कसोशीने प्रश्न विचारले गेले, तसे प्रश्न प्रुइट यांच्याबद्दल विचारले गेले नाहीत. ते आपल्या गटातले, अलाबामासारख्या विजेत्या संघातले, फुल्मर यांनी निवडलेले, एवढे पुरेसे ठरले. त्यांच्यासोबत भरतीचे काम पाहणारे साहाय्यक कोण असतील, नियमपालनाचा अधिकारी कोणाला उत्तरदायी असेल, खर्चाच्या मंजुरीवर कोणाची सही लागेल, हे त्या डिसेंबरमध्ये विचारण्यासारखे होते. खडकावर मावतील असे हे प्रश्न नाहीत. पण देणगीदारांच्या बैठकीत आणि माजी विद्यार्थ्यांच्या सभेत ते सहज विचारता आले असते, आणि विद्यापीठाला त्यांची उत्तरे द्यावी लागली असती.